दोन नंबरची ट्राम

"कोणाला विचारू नका हं. आपण हरवलोय असं वाटेल."

"अगं, पण हरवलोच आहोत ना आपण?"

"म्हणून काय सगळ्या गावाला सांगायचं?"

सिंगापूरच्या बुकित बातोक स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, अगदी माझ्या पाठीमागे हे बोलणं चाललं होतं. साठीच्या आसपासचं जोडपं. काकांच्या गळ्यात पासपोर्टचा पाउच, काकूंच्या पायात नवेकोरे पांढरे बूट. मुलाकडे नाहीतर मुलीकडे आलेले असणार. मी वळून फक्त विचारायचं होतं, "काका, कुठे जायचंय तुम्हाला?" चार शब्द. मी फोनकडे बघत राहिले. मी मराठी बोलले की लोकांना आधी आनंद होतो, मग ते आडनाव विचारतात, आणि मग आई-बाबा कुठे असतात ते. आज मला ते चाललं नसतं.

शेवटी बाकावर बसलेल्या एका चिनी आजोबांनीच मान वर केली. "आंटी, व्हेअर यू गो? झू?" आणि काकूंनी हो म्हणायच्या आत हात हलवला. "राँग साइड लाह. अदर साइड, अदर साइड."

दोघं घाईघाईने पलीकडच्या कडेला गेले. काकू म्हणाल्या, "बघा, आपणहून सांगितलं. विचारावं लागलं नाही." माझी गाडी आली आणि मी चढले. जुरोंग ईस्टला बदलून हिरव्या लाइनने थेट शेवटपर्यंत, पासिर रिसला, बाबांकडे. तासाभराहून जास्त लागतो. एरवी मी त्या वेळात डुलकी काढते.

काल संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. ते घर आवरतायत. येत्या गुरुवारी सामान नेणारी माणसं येणार आहेत, त्यानंतर बाबा पुण्याला, कायमचे. आईच्या जुन्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये त्यांना हॉस्पिटलचं एक अपॉइंटमेंट कार्ड सापडलं. आम्ही व्हिएन्नाला निघालो त्याच्या नऊ दिवस आधीची तारीख.

"म्हणजे तिला माहीत होतं," बाबा म्हणाले. "निघायच्या आधीच माहीत होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला काही बोलली होती का गं तिथे?"

"नाही," मी म्हणाले.

हे उत्तर मी नऊ वर्षं तयार ठेवलं होतं, त्यामुळे द्यायला वेळ लागला नाही. खोटं होतं. फोन ठेवताना मी म्हणाले, "उद्या येते, बाबा." आणि तेव्हाच कळलं, की सांगायचं असेल तर उद्याच. पुण्याला गेल्यावर व्हिडिओ कॉलवर बाबा फोन असा धरणार की त्यांचं फक्त कपाळ दिसेल. कपाळाला असलं काही सांगता येत नाही.

*

जुरोंग ईस्टपासून गाडी उंचावरून जाते. दोन्ही बाजूंना फ्लॅटच्या इमारती, खिडक्यांतून बाहेर आलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे. लहानपणी मी कपडे बघून घर ओळखायचा खेळ खेळायचे. शाळेचे गणवेश म्हणजे मुलं, सगळे पांढरे बनियन म्हणजे एकटे आजोबा. आई शेजारी बसून म्हणायची, "आणि आपले कपडे बघून कोणी काय ओळखेल?" मी म्हणायचे, "की एक परकर वाळतोय." सिंगापूरच्या उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास वेगळा असतो, ओलसर आणि गोड. पुण्यात कपडे कडकडीत वाळतात. आई परकराला नाक लावून म्हणायची, "इथे वाळतात, पण पटत नाही त्यांना."

आम्ही इथे आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबांना आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी होती. गाडी घ्यायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री काढला आणि रस्ते लिहायला सुरुवात केली. कुठली बस, किती थांबे, कुठल्या बाजूने उतरायचं, कुठला जिना वर आणतो आणि कुठला उगाच फिरवतो. सगळं देवनागरीत. "इंग्रजीत लिहिलं की उच्चार विसरायला होतो," ते म्हणायचे. माझी शाळा इंग्रजी, घरी मराठी फक्त बोलायला. वाचायला मी त्या वहीवरून शिकले. पुण्यातल्या माझ्या चुलत भावंडांनी पहिला शब्द कमळ नाहीतर बदक वाचला असेल. मी तोआ पायोह वाचला.

रविवारी आम्ही तिघं फक्त फिरायला निघायचो. कुठल्याही बसचा पहिला थांबा ते शेवटचा थांबा. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट, काचेला नाक लावून मी, मागे आई आणि बाबा. रस्त्याकडेची झाडं काचेवर आपटत जायची आणि प्रत्येक फांदीला आई मान खाली घालायची. बसमध्ये खायला मनाई. आईच्या पर्समध्ये मात्र कायम दशमी आणि लसणाची चटणी. तो वास झाकायला ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची, जणू आत मांजराचं पिल्लू आहे. शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही एखाद्या बाकावर दशमी खायचो आणि त्याच बसने परत यायचो. कशासाठी, असं कोणी विचारलं नाही.

आमचा नियमही त्याच दिवसांतला. मी सात वर्षांची असताना सिटी हॉल स्टेशनवर आई गाडीत चढली आणि दार लागलं. मी आणि बाबा बाहेर. आईचा तळहात काचेवर, तिचं तोंड काहीतरी म्हणत, आणि मग गाडीच गेली. मी भोकाड पसरलं. पुढच्या स्टेशनवर ती उतरून उभी होती, आणि बाबांनी तिथेच प्लॅटफॉर्मवर जाहीर केलं: जो पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून हलायचं नाही. मागे राहिले त्यांनी मागून येणारी गाडी धरायची. संपलं. फोन नको, धावपळ नको. ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. आई म्हणाली, "वा, घटनाच लिहिली." पण नियम पक्का होता. इथे एका लाइनवरून मागून येणारी गाडी त्याच वाटेने येते. नियम कधी चुकला नाही.

*

व्हिएन्नाच का, हे मला माहीत नाही. बाबांच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर एका महिन्याच्या पानावर लाल-पांढरी ट्राम होती, एवढं आठवतं. ते पान महिना संपल्यावर घरी आलं आणि फ्रिजवर लागलं. मग एक नवी वही आली. आठ महिने बाबा त्या वहीत लिहीत होते. श्टेफान्सप्लात्स. श्वेडनप्लात्स. जेवताना ते ही नावं म्हणून दाखवायचे आणि आई म्हणायची, "आता शिंक आली की नुसतं प्लात्स म्हणा."

मी सतरा वर्षांची होते. कानात इअरफोन, आई-बाबांपासून चार पावलं लांब.

ऑक्टोबर होता. ट्राममध्ये ओल्या लोकरीच्या कोटांचा वास यायचा, आणि ब्रेक लागला की गरम लोखंडाचा. कोपऱ्याकोपऱ्यावर चेस्टनट भाजत असायचे. त्यांचा धूर कोटात शिरायचा आणि रात्री हॉटेलच्या खोलीत पुन्हा बाहेर यायचा. आईला त्यावरून शिंगाडे आठवायचे. आमच्याकडे आठवड्याचं तिकीट होतं, कागदी. पहिल्या दिवशी एकदा शिक्का मारला की झालं. फाटक नाही, कोणी बघत नाही. बाबांना हे सोसायचं नाही. दर वेळी चढताना ते छातीवरचा खिसा चाचपायचे. आई तर उतरताना सवयीने पर्स दाराच्या खांबाला टेकवायची, आपलं कार्ड टॅप करतात तशी, आणि मग खांबाकडे बघून हसायची.

आणि तिथे ट्राममध्ये खाल्लेलं चालायचं. दुसऱ्या दिवशी आईच्या ते लक्षात आलं.

"अहो, समोरची बाई अख्खं सँडविच खातेय."

"ती इथली आहे. आपल्याला दंड होईल."

"होऊ दे," आई म्हणाली, आणि बारा वर्षं मांडीवर दाबून धरलेली पर्स उघडली. तिने दशमीचा तुकडा तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर बघत इतका सावकाश चावला, की बाबाही हात पुढे करून बसले.

असे चार दिवस.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही एका स्टॉपवर उभे होतो. नाव बाबांच्या वहीत असेल. डी ट्राम आली, गर्दी होती, मी आधी चढले. इअरफोन लावलेले. मागे वळून बघितलं तर दार लागलेलं आणि बाबा बाहेरून बटण दाबतायत. ट्राम सुटली. मी घाबरले नाही. नियम होता. पुढच्या स्टॉपवर उतरले आणि उभी राहिले.

समोर मोठं थिएटर होतं, पलीकडे बागेतली झाडं पिवळी झालेली. एक ट्राम आली, ते त्यात नव्हते. आणखी एक आली. तिसरी. मग मी पाटीवर लिहिलेलं नीट वाचलं. मागच्या स्टॉपवरून वेगवेगळ्या नंबरच्या ट्राम सुटत होत्या. सगळ्याच इकडे येत नव्हत्या.

माझ्या फोनला तिथलं सिम नव्हतं. शेजारी एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. तिला विचारायचं म्हणून मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवलं, त्यातला एक शब्द बदलला, पुन्हा बदलला. तेवढ्यात तिची ट्राम आली आणि कुत्र्यासकट ती गेली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फुटपाथवरच्या पानांतून आई येताना दिसली. कोटाची बटणं उघडी, स्कार्फ एका खांद्यावर, अर्धवट धावत. आईला मी त्याआधी धावताना बघितलं नव्हतं.

"दोन नंबरच्या ट्राममध्ये बसलो गं आम्ही," ती धापा टाकत म्हणाली. "आणि ती मेली डावीकडे वळली!"

"बाबा कुठेत?"

"तिकडेच उभे आहेत. म्हणतात, नियम आहे, ती इथेच येईल. मी म्हटलं, अहो, तुमचा नियम ट्रामला नाही माहीत."

ती हसायला लागली. मीही. हसता हसता ती बाकावर बसली आणि तिचा हात काखेपाशी गेला. तिथेच राहिला. तोंडावरचं हसू अजून उतरलं नव्हतं, पण डोळे कुठेतरी दुसरीकडे होते.

"धावलीस कशाला एवढी?" मी म्हणाले.

"थांब," ती म्हणाली. "इकडे बस. एक सांगते. आत्ता सांगते, आणि मग त्यावर बोलायचं नाही."

तिने सांगितलं. गाठ होती. तपासणी झाली होती. परत गेल्यावर लगेच ऑपरेशन. तिने ते बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

"बाबांना?"

"नाही."

"आई, सांगायला हवं."

"सांगणारच आहे. चांगीला विमानातून उतरलो की सांगेन. आधी सांगितलं असतं तर निघालेच नसते ते. आठ महिने लिहितायत गं." ती माझ्या कोटाची कॉलर उगाचच नीट करत होती. "अजून तीन दिवस आहेत. त्यांचा हिरमोड नाही करायचा आपण. करायचा का?"

मी मान हलवली. नाही.

"मग डोळे पूस. चल. थंडीत एकटे उभे असतील."

बाबा त्या स्टॉपवर तसेच उभे होते, वाऱ्यात, वही छातीशी धरून. आम्हाला बघून त्यांनी आधी वही उघडली. "चूक माझीच," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या लिहिलं: एका स्टॉपवरून अनेक ट्राम. नंबर बघूनच बसणे. मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं.

"रडलीस? अगं ठमे, आम्ही काय तुला सोडून जाणार होतो?"

आई पटकन म्हणाली, "भूक लागलीय तिला."

*

ते तीन दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतात आणि सगळ्यात कमी माझे वाटतात. मी इअरफोन काढून ठेवले. आईची पर्स मी घेतली. ट्राममध्ये रिकामी सीट दिसली की आधी मी धावायचे आणि तिला बोलवायचे. बाबा म्हणाले, "बघ, एकदा हरवली तर मुलगी सुधारली." त्यांनी आम्हाला नदीपर्यंत नेलं, द्राक्षाच्या मळ्यापर्यंत नेलं, जिथे रूळ संपतात तिथे नेलं. प्रत्येक शेवटच्या थांब्यावर बाक शोधून आम्ही तिघं बसायचो. बाबा इतके खुश होते, की उतरताना ड्रायव्हरला वाकून डांके म्हणायचे. आई माझ्याकडे बघायची आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायचो. तिचा तळहात मी तेव्हा बराच वेळ धरलेला असे. त्याला बामचा आणि चेस्टनटच्या सालीचा वास यायचा.

चांगीला उतरल्यावर तिने सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगितलं, स्वयंपाकघरात, मेथी निवडताना. मी बाजूच्या खोलीत होते. बाबांचा आवाज आला, "कधी कळलं?" आणि आईचा, "आत्ताच." म्हणजे आता ती खोटं बोलली होती आणि मी त्यात होते.

त्यानंतर दीड वर्षाने आई गेली. त्या दीड वर्षाचं मी लिहिणार नाही. पुढे कधीतरी मी एकटीने दिवस मोजायला लागले, मला माहीत होतं आणि बाबांना नव्हतं ते. व्हिएन्नातले तीन, परतल्यानंतरचे सहा. नऊ दिवस उशिराने काय झालं असतं, काय नसतं, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. विचारायचं वाक्य जुळवत राहिले.

*

पासिर रिसला सगळेच उतरतात, पुढे लाइन नाही. बाबांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दोन आजोबा पटावर सोंगट्या आपटत होते. वर दार उघडंच होतं. खोकी, चिकटपट्टीचा वास, भिंतीवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन.

"जेवून आलीस की तशीच?"

"तशीच."

"मग पोहे खा. कढईसुद्धा बांधून झालीय, पातेल्यात केलेत."

कार्ड डायनिंग टेबलावर होतं, मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलेलं. आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता खात होतो. पोहे खाली लागले होते. बाबांनी अर्धी बशी संपवली आणि चमचा ठेवला.

"तिथे तो उंच मनोरा होता चर्चचा, आठवतो? ती म्हणाली, मी खाली बसते, तुम्ही जाऊन या. मी काय म्हणालो असेन?"

मला आठवत होतं. मी आठवत नाही असं तोंड केलं.

"म्हणालो, पर्वती चढलेली बाई तू, आणि या चार पायऱ्यांना घाबरलीस? सगळ्या लोकांत चिडवलं मी तिला. मग ती चढली." त्यांनी बशी थोडी लांब सारली. "हॉटेलला लिफ्ट नव्हती. चौथा मजला. मीच बुक केलं होतं. खिडकीतून ट्राम दिसते म्हणून."

"बाबा."

"नाही, ऐक. काल ते कार्ड बघितल्यापासून मी जिथे जिथे मागे जाऊन बघतोय, तिथे ती दमलेलीच दिसते. प्रत्येक ट्राममध्ये. तेव्हा दिसली नाही. आता दुसरं काही दिसत नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदरा खोक्यांमुळे धुळीने भरलेला होता, काच आणखी मळली. "तिला तर ती सहल मिळालीच नाही, मनात हे घेऊन फिरत होती बिचारी. आणि माझीही आता गेली."

ते उठले, माझी बशी घेतली, बेसिनपाशी गेले. माझ्याकडे पाठ करून नळ सोडला.

"बरं झालं, तुला बोलली नाही," ते म्हणाले. "आपल्या तिघांत एकाला तरी ती सबंध मिळाली. तुला मिळाली. मला त्याचंच बरं वाटतंय."

आता गप्प राहणं किती सोपं होतं. ते स्वतःच मला उत्तर देऊन मोकळे झाले होते आणि त्यात त्यांना बरंही वाटत होतं. गुरुवारी ते हेच घेऊन विमानात बसले असते. मी माझं घेऊन बुकित बातोकला गेले असते. नळाचं पाणी बशीवर पडत होतं. बाबांची मान मागून फार बारीक झाली आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी उठले आणि नळ बंद केला. ते वळले. मी वाक्य जुळवलं नाही.

"मला नाही मिळाली, बाबा. काल मी खोटं बोलले. आईने मला पाचव्या दिवशी सांगितलं होतं, मी हरवले होते त्या स्टॉपवर. सबंध मिळाली ती तुम्हाला, आम्ही दोघींनी ठरवून दिली होती. ती परत करू नका."